गॅलरीत स्वतः लादी बसवायची आहे : जुन्या मोझॅकवर बसवू की उखडू?

गॅलरी_नेरूळ

नमस्कार मंडळी. सिडकोच्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरची गॅलरी आहे. आतून माप ३.०५ मीटर बाय १.३७ मीटर, म्हणजे साधारण पंचेचाळीस चौरस फूट. खाली १० इंची मोझॅकची लादी आहे, घासून गुळगुळीत झालेली. दाराजवळच्या पाच लाद्या ठोकल्या की पोकळ वाजतात आणि तिथेच पाणी साचतं. पाणी जायची जाळी बाहेरच्या कठड्याच्या उजव्या कोपऱ्यात आहे. दार ॲल्युमिनियमचं सरकतं, लांब भिंतीत. खोलीची फरशी गॅलरीपेक्षा ३५ मिमी वर आहे.

एवढ्याशा कामाला मिस्त्री यायला तयार नाहीत, म्हणून स्वतःच करायचं ठरवलं आहे. ३०० बाय ३०० ची, ८ मिमी जाडीची मॅट विट्रिफाइड टाइल पसंत केली आहे. ग्राइंडर, ड्रिल आणि लेव्हल घरात आहे. प्रश्न असे : जुनी लादी उखडू की वरूनच बसवू? टाइल आणि ॲडहेसिव्ह किती आणू? ग्राउट (सांध्यांत भरायचा माल) कोणतं? मे महिना सुरू झालाय, पावसाच्या आत होईल का?

ओळंबा

होईल. सुट्टीचे दोन शनिवार-रविवार आणि मधले वाळायचे दिवस धरा. पाऊस लागायच्या आधी आठ दिवस तरी ग्राउट पूर्ण झालेलं असू द्या.

आधी खालचा भाग बघा, टाइल नंतर. नवशिक्याचं काम बिघडतं ते बहुतेक वेळा टाइलच्या खाली बिघडतं, वर दिसायला मात्र चार-सहा महिने लागतात. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने प्रत्येक मोझॅक लादी चारही कोपऱ्यांत आणि मधोमध ठोका. भरीव लादी टणक, आखूड वाजते. पोकळ लादीचा आवाज मडक्यासारखा घुमतो. पोकळ वाजेल तिथे खडूने फुली मारा. पाचच निघाल्या तर तेवढ्याच छिन्नीने काढायच्या. पाव भागाहून जास्त निघाल्या तर मात्र वरून बसवायचा विचार सोडा, कारण तुमची नवी टाइल कितीही घट्ट बसली तरी ती सुटलेल्या लादीलाच धरून राहणार.

काढलेल्या जागी १:४ चा सिमेंट-वाळूचा माल भरायचा. पाण्यात एसबीआर लेटेक्स (मालाची पकड वाढवणारं दुधाळ द्रव) मिसळायचं, प्रमाण बाटलीवर दिलेलं असतं. खड्ड्याचा तळ आधी ओला करून सिमेंट-लेटेक्सची पातळ स्लरी ब्रशने घासून लावा आणि ती ओली असतानाच माल भरा. स्लरी सुकली की तीच मधला पापुद्रा होते.

मग ढाळ. पाण्याची नळी घ्या, लेव्हलची पट्टी इथे अपुरी पडते. जाळीपासून सगळ्यांत लांबचा कोपरा कर्णाने ३.३ मीटर भरतो. मीटरला १० मिमी धरलं तर त्या कोपऱ्यापासून जाळीपर्यंत ३३ मिमीच्या आसपास उतार हवा. तो खालच्या थरातच मिळवायचा. ॲडहेसिव्हचा थर जाड करून ढाळ काढायचा मोह सगळ्यांना होतो. तसं केलं की जाड भाग वाळताना जास्त आकसतो आणि टाइलचा एक कोपरा खाली बसतो. नखाला लागेल एवढा फरक पडतो आणि गॅलरीत अनवाणी पायाला तो रोज लागतो.

आता टाइलचा हिशेब. ३०५० मिमीमधून दोन्ही भिंतींशी प्रत्येकी ६-७ मिमी जागा सोडली की ३०३६ उरतात. १० टाइल आणि ४ मिमीचे ९ सांधे, म्हणजे ३००० अधिक ३६. बरोबर बसतं, त्या दिशेला एकही तुकडा लागत नाही. रुंदीला ४ पूर्ण टाइल आणि एक १४२ मिमीचा तुकडा. एका टाइलचे मधोमध दोन तुकडे होतात आणि दोन्हींना एकेक बाजू कारखान्याची मिळते, तेव्हा १० तुकड्यांना ५ टाइल. जमिनीला एकूण ४५. १०० मिमीची स्कर्टिंग (भिंतीच्या पायथ्याची टाइलची पट्टी) करणार असाल तर एका टाइलमधून दोनच चांगल्या पट्ट्या निघतात, मधल्या पट्टीला कारखान्याची कड नसते. दार सोडून परिमिती पावणेआठ मीटर, म्हणजे २६ पट्ट्या, १३ टाइल. फुटतूट धरून ६४. पेटीत १० नग असतील तर ७ पेट्या घ्या. उरलेल्या सहा-सात माळ्यावर ठेवा, पुढे हाच शेड मिळणार नाही. सगळ्या पेट्यांवर शेड नंबर आणि बॅच एकच आहे का हे दुकानातच बघा.

३०० म्हणून विकलेली टाइल प्रत्यक्षात २९८ भरू शकते. म्हणून आधी दहा टाइल गॅलरीत ओळीने कोरड्याच मांडा, मध्ये ४ मिमीचे स्पेसर (सांधा सारखा राखणारे प्लॅस्टिकचे तुकडे) घाला, आणि गॅलरीची लांबी दोन्ही कडांना वेगवेगळी मोजा. भिंती गुण्यात, म्हणजे काटकोनात, असतीलच असं नाही. दाराकडे पूर्ण टाइल आणि कठड्याखाली तुकडा येईल अशी मांडणी धरा. दारातून नजर पडते ती पहिल्या ओळीवर.

ॲडहेसिव्ह विट्रिफाइडचं हवं. पिशवीवर आयएस १५४७७ या भारतीय मानकाचा टाइप २ किंवा त्याच्या वरचा बघा. जुन्या लादीवर लावायचं असल्यामुळे पिशवीवर तसा उल्लेख असलेलं घ्या, तो बहुधा टाइप ३ निघेल. ८ मिमी खाचांच्या थापीने चौरस मीटरला चार-साडेचार किलो जातं. ४.२ चौरस मीटरला १८-१९ किलो, वर स्कर्टिंग. २० किलोच्या दोन पिशव्या आणा.

बसवायची पद्धत रात्री सविस्तर लिहितो.

स्लॅब_खारघर

बसवायच्या आधी एक गोष्ट बघून घ्या ताई, कारण ही गॅलरी आहे, खोली नाही.

जुन्या इमारतींतली गॅलरी बहुतेक वेळा भिंतीतून बाहेर आलेली असते, खाली खांब नसतो. अशा स्लॅबमधली मुख्य सळई वरच्या बाजूला असते, कारण ताण वर येतो. खोलीच्या स्लॅबमध्ये मधल्या भागात ती खाली असते. म्हणजे गॅलरीत वरून लादी उखडताना ब्रेकर मशिन खोल गेलं तर ते थेट त्या सळईवरच जातं, आणि सगळ्यांत जास्त ताण दाराच्या रेषेत असतो. तुमच्या पाच पोकळ लाद्या नेमक्या तिथेच आहेत. तेव्हा तिथे मशिन लावू नका. हातोडा आणि छिन्नी, छिन्नी आडवी धरून, लादी आणि खालचा माल निघाला की थांबायचं. करड्या रंगाचं, खडी दिसणारं काँक्रीट लागलं की पुढे एक ठोकाही नको.

लादी काढल्यावर दाराला समांतर जाणारी चीर दिसली, किंवा गंजाचा तांबूस डाग दिसला, तर टाइलचं काम तिथेच थांबवा. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे जाऊन गॅलरीचं छत खालून बघा. प्लॅस्टर सुटलेलं, फुगलेलं, सळई उघडी पडलेली असेल तर आधी दुरुस्ती. सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांपुढच्या इमारतीचं दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट व्हायला हवं. तो अहवाल सेक्रेटरींकडे मागा, त्यात गॅलऱ्यांबद्दल वेगळा शेरा असतो.

वजनाचा हिशेबही सांगतो. ८ मिमीची टाइल चौरस मीटरला साधारण १८ किलो, ॲडहेसिव्ह ५ किलो. तुमच्या गॅलरीवर मिळून शंभरेक किलो. तेच वाळू-सिमेंटच्या ४० मिमी थरावर बसवली तर थराचंच वजन मीटरला ८० किलोच्या वर जातं आणि टाइल धरून चारशे किलोंचा भार बाहेरच्या बाजूला टांगला जातो. चांगल्या स्लॅबवर वरून बसवणं चालेल. वाळूचा थर वर घालणं गॅलरीत चालणार नाही.

सगळं उखडलं तर लादी आणि खालचा माल मिळून अर्धा टनाहून थोडा जास्त राडारोडा निघतो, २५ किलोच्या वीस-बावीस गोण्या. सोसायटीला कामाची सूचना द्या, आणि गोण्या कुठे द्यायच्या ते पालिकेच्या विभाग कार्यालयात आधी विचारून घ्या. कचराकुंडीशेजारी ठेवून येऊ नका.

वाळूसिमेंट_ठाणे

वरच्या दोघांचं गॅलरीपुरतं पटतं, पण वाळू-सिमेंटला सरसकट वाईट म्हणू नये. तळमजल्यावर, किंवा खोलीत लेव्हल ३०-४० मिमीने वरखाली असेल तर १:५ किंवा १:६ चा थर आणि वर सिमेंटची स्लरी हीच पद्धत बरोबर आहे. तिथे ॲडहेसिव्हने लेव्हल काढायला गेलात तर पैसे जातील आणि काम खचेल.

फक्त एक लक्षात ठेवा. विट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ पीतच नाही, ०.५ टक्क्याच्याही आत. साध्या सिमेंटला पकड मिळते ती सच्छिद्र पाठीत शिरून. जुन्या सिरॅमिकला आणि कडाप्प्याला ती मिळायची, विट्रिफाइडला मिळत नाही. म्हणून जुन्या मिस्त्रींची पद्धत चुकीची नव्हती, टाइल बदलली. वाळूचा थर घातला तरी तो तीन-चार दिवस पाणी मारून पक्का करावा, वाळू द्यावा, आणि टाइल ॲडहेसिव्हनेच लावावी.

आणखी एक, पाण्याबद्दल. घोडबंदर रोडला उन्हाळ्यात टँकरचं पाणी येतं आणि त्यात बरेचदा क्षार असतात. असं पाणी ग्राउटमध्ये घातलं तर वाळल्यावर सांध्यांवर पांढरा खार येतो आणि गडद ग्राउटवर तो उठून दिसतो. नेरूळला तुम्हाला नळाचं पाणी आहे, तेच वापरा. बोअरचं नको.

गॅलरी_नेरूळ

खूप आभार. काल नळीने मोजलं. लांबच्या कोपऱ्यापासून जाळीपर्यंत २६ मिमी उतार मिळतो. दाराजवळ दोन फूट लांबीत ९ मिमीचा खोलगट भाग आहे. खालच्या मजल्यावर जाऊन छत बघितलं, प्लॅस्टर शाबूत आहे, डाग नाही. पाच पोकळ लाद्या छिन्नीने काढल्या, खाली चीर दिसली नाही. सोसायटीला पत्र दिलं आहे. आता पुढे?

ओळंबा

२६ चालेल. त्यासाठी बाकी काही फोडू नका. पाच खड्डे भरताना तो ९ मिमीचा खोलगट भागही त्याच लेटेक्सच्या मालाने काढून घ्या, तिथे वाळू बारीक चाळून १:३ घ्या. ॲल्युमिनियमचा पाटा दारापासून कठड्याकडे धरून ओढा, म्हणजे माल आपोआप ढाळात येईल. कडा शून्यावर नेताना गुरमाळ्याने (सपाट थापीने) दाबून न्या. लेटेक्स नसेल तर एवढा पातळ थर पोळीसारखा सुटतो. दोन-तीन दिवस ओलं गोणपाट ठेवा, मग वाळू द्या.

वाळल्यावर सगळी मोझॅक ग्राइंडरला काँक्रीट घासायची चकती लावून खरवडा. चकाकी पूर्ण गेली पाहिजे. नुसते टाचे मारून मध्ये गुळगुळीत पट्टे ठेवू नका. मोझॅकवर वर्षानुवर्षं पॉलिश आणि तेल बसलेलं असतं. पाण्याचा थेंब टाकून बघा : मोत्यासारखा उभा राहिला तर अजून घासा, पसरला तर झालं. मास्क एन-९५ चाच लावा आणि दार ओल्या चादरीने बंद करा. ही धूळ फुप्फुसात कायमची बसते, रुमाल बांधून भागत नाही. ग्राइंडरचा गार्ड काढू नका.

त्यानंतर वॉटरप्रूफिंग. दोन भागांचं सिमेंट-ॲक्रिलिक कोटिंग, दोन हात, पहिला उभा आणि दुसरा आडवा, मध्ये चार-सहा तास. भिंतीवर ६ इंच वर चढवा आणि जाळीच्या तोंडात आतपर्यंत उतरवा. कोपऱ्यात कोट फाटतो, तिथे फायबरची जाळी पहिल्या हातात दाबून घ्या. वाळल्यावर पाणी जायची जाळी बंद करून एक इंच पाणी २४ तास उभं ठेवा आणि खाली जाऊन छत बघा. ही पायरी टाळली तर पुढे गळती कुठून होते हे शोधायला सगळी टाइल काढावी लागते. लादी आणि ग्राउट पाणी अडवत नाहीत, ते काम या थराचं.

आता बसवणं. टाइल उलटी करून पाठीवर बोट फिरवा. बोटाला पांढरी भुकटी लागेल. भट्टीत टाइल रुळांना चिकटू नये म्हणून लावलेला तो लेप असतो. तो तसाच ठेवला तर ॲडहेसिव्ह टाइलला न चिकटता भुकटीला चिकटतं, आणि टाइल उचलली की पाठ कोरी करकरीत निघते. ओल्या तारेच्या ब्रशने किंवा स्क्रबरने पुसा, वाळू द्या, मग वापरा. पाठीवर बाण असतो, सगळ्या टाइलचे बाण एकाच दिशेला ठेवा.

बादलीत आधी पाणी, मग पावडर. २० किलोला साधारण पाच लिटर लागतं, पण पिशवीवरचं प्रमाणच अंतिम. एका वेळी पाचच किलो कालवा, त्याला सव्वा लिटर पाणी. पाच-दहा मिनिटं तसंच ठेवा, पुन्हा ढवळा. थापीवर घेऊन थापी उभी केली तर माल घसरू नये. घट्ट व्हायला लागल्यावर वरून पाणी घालायचं नाही, टाकून द्यायचं.

मेमध्ये दुपारी गॅलरीची जमीन चटका देते. सकाळी सहा ते दहा किंवा ऊन उतरल्यावर काम करा, आणि लावायच्या आधी जमीन ओल्या फडक्याने पुसून घ्या, पाणी साचू न देता. एका वेळी तीन-चार टाइलपुरतंच ॲडहेसिव्ह पसरा. थापीच्या सपाट बाजूने दाबून चोळा, मग खाचांनी ४५ अंशात धरून रेघा ओढा, सगळ्या एकाच दिशेला. टाइलच्या पाठीवरही पातळ हात फिरवा. टाइल ठेवून रेघांना आडवी, पाच-सहा मिमी मागेपुढे सरकवत दाबा, म्हणजे रेघा आडव्या पडून मधली हवा बाहेर जाते. नुसती वरून ठोकली तर प्रत्येक दोन रेघांमध्ये हवेची नळी राहते. गॅलरीत त्या नळीतून पाणी फिरतं.

पहिली टाइल बसवली की लगेच उचलून बघा. पाठीवर खाचांच्या रेघा दिसत असतील तर दाब कमी पडतोय किंवा खाच लहान आहे. सगळीकडे एकसारखा सपाट लेप हवा, उघड्या जागेत ९५ टक्के तरी. चार कोपऱ्यांत आणि मध्ये गोळे लावून टाइल ठेवायची पद्धत अजिबात नको. कुंडी ठेवताना नेमका रिकामा कोपरा फुटतो.

पसरलेल्या ॲडहेसिव्हला मधूनमधून बोट लावा. बोटाला चिकटलं तर ठीक. वरवर साय धरली असेल आणि बोट कोरडं निघालं तर खरवडून काढा. वाऱ्याला आणि उन्हाला दहा मिनिटांत साय धरते. पंखा लावू नका.

लाइनदोरी दाराच्या पूर्ण ओळीला धरून बांधा, पण बसवायला सुरुवात कठड्याच्या लांबच्या कोपऱ्यातून करा. तुकडे आधी कापून ठेवा. शेवटची टाइल दारातून बसवून आत या. २४ तास पाय ठेवायचा नाही. सांध्यातून वर आलेलं ॲडहेसिव्ह ओलं असतानाच लाकडी काडीने काढा, टाइलच्या जाडीच्या दोन तृतीयांश तरी खोल. ते वाळल्यावर काढायला टाइलच्या कडा उडतात.

टाइल आणि ॲडहेसिव्ह मिळून साधारण १३ मिमी चढेल. खोलीच्या फरशीला २२ मिमी उरतात, ठीक आहे. मात्र सरकत्या दाराच्या ट्रॅकला बाहेरच्या बाजूने पाणी निघायची बारीक भोकं असतात, ती टाइलने किंवा सिलिकॉनने बुजवू नका. बुजली तर पहिल्याच जोरदार सरीला पाणी खोलीत येईल. जाळीची चौकटही तेवढीच उचलून घ्या, टाइलपेक्षा २ मिमी खाली राहील अशी.

गॅलरी_नेरूळ

टाइल बसली. पाण्याची चाचणीही नीट झाली. एक टाइल शेजारच्यापेक्षा मिलिमीटरभर वर राहिली आहे, बाकी ठीक. दुकानदार एपॉक्सी (सिमेंटऐवजी रेझिनचं) ग्राउटच घ्या म्हणतो. घेऊ का?

सांधे_कोपरखैरणे

या गॅलरीत नको, ताई. एपॉक्सी बाथरूमला आणि स्वयंपाकघराच्या ओट्यामागे उत्तम, डाग धरत नाही आणि पाणी पीत नाही. पण रोजच्या उन्हात ते पिवळं पडतं, फिकट रंगाचं जास्त लवकर. शिवाय मेच्या गरमीत कालवल्यापासून वीस मिनिटांतच कडक व्हायला लागतं आणि मॅट टाइलच्या खडबडीत पृष्ठभागावर राहिलेला पापुद्रा नंतर साध्या पाण्याने निघत नाही. पहिल्यांदा करणाऱ्याला ही घाई झेपत नाही. पॉलिमर मिसळलेलं सिमेंटचं ग्राउट घ्या, मध्यम करड्या रंगाचं. पांढरं गॅलरीत महिन्याभरात मातकट होतं.

प्रमाण : ३०० ची टाइल, ८ मिमी जाडी, ४ मिमी सांधा धरला तर चौरस मीटरला साधारण ३६० ग्रॅम. ४.२ चौरस मीटरला दीड किलो. स्कर्टिंग आणि सांडलवंड धरून २ किलो. एकेक किलोची दोन पाकिटं असतील तर दोन्ही कोरडीच एकत्र मिसळून ठेवा, मग त्यातून घ्या. रंग पाकिटात खालीवर बसलेला असतो. अर्धं पाकीट वापरलं तर दोन ओळींचे दोन रंग होतात.

टाइल बसून २४ तास झाले असतील तर सुरुवात करा. स्पेसर काढा, काही जण ते आतच ठेवून वरून ग्राउट भरतात. त्या जागी थर पातळ पडतो आणि अधिक चिन्हासारखे डाग उमटतात. सांधे व्हॅक्यूमने किंवा कोरड्या ब्रशने साफ करा. उरलेल्या एका टाइलवर आधी थोडं ग्राउट फासून अर्ध्या तासाने पुसून बघा. मॅट टाइल रंग धरून ठेवते का ते तिथेच कळेल.

किलोला पावशेर ते तीनशे मिली पाणी, पाकिटावर बघून. आधी कमी घाला. चांगल्या चक्क्याच्या श्रीखंडाएवढं घट्ट हवं, चमचा उलटा केला तर पडता कामा नये. सगळ्यांत जास्त कामं बिघडतात ती इथे. पातळ केलं की भरायला सोपं जातं, पण जास्तीचं पाणी उडून गेल्यावर तेवढी जागा रिकामी राहते. मग सांधा खाली बसतो, त्यावर टाचणीएवढी छिद्रं दिसतात आणि झाडू मारला की पावडर निघते. पाच मिनिटं मुरू द्या, पुन्हा ढवळा.

सांधे ओल्या स्पंजने नुसते दमट करा, आत पाणी साचू देऊ नका. रबरी फ्लोट (रबरी तळाची थापी) ४५ अंशात धरून तिरक्या दिशेने दाबत भरा. सांध्याच्या रेषेतच ओढलं तर फ्लोटची कड आत शिरून माल बाहेर काढते. एका वेळी चौरस मीटरभर भरा, मग फ्लोट जवळजवळ उभा धरून वरचा माल काढून घ्या.

१५-२० मिनिटांनी बोट हलकेच ठेवून बघा. ठसा उमटत नसेल, पण बोट ओलसर होत असेल, तर पुसायची वेळ झाली. दोन बादल्या घ्या, एक धुवायला आणि एक स्वच्छ पाण्याची. स्पंज घट्ट पिळून, तिरका, एका फटक्यात ओढा आणि बाजू बदला. घाईने पुसलं तर सांधा खणला जातो. निथळत्या स्पंजने पुसलं तर वरचा रंग धुऊन निघतो आणि वाळल्यावर सांधा ठिकठिकाणी फिकट दिसतो. पुसल्यावर दोन तासांनी टाइलवर जी पांढरट धूसर साय दिसेल ती कोरड्या सुती फडक्याने घासून काढा. दुसऱ्या दिवसावर ठेवू नका.

पुढचे दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ फवाऱ्याने हलकं पाणी मारा आणि ऊन थेट येत असेल तर वर गोणपाट टाका. हातमोजे घाला, सिमेंटने बोटांच्या पेरांना चिरा पडतात.

आणि भिंतीलगतची ६-७ मिमीची फट ग्राउटने भरायची नाही. हे सगळ्यांत कळकळीने सांगते. गॅलरीची टाइल उन्हात तापून पसरते, पहिल्या सरीला एकदम गार होते. पसरायला जागा नसेल तर ती मध्येच तंबूसारखी उचलली जाते, आणि कोणी उभं नसतानाही कडाडून सुटते. त्या फटीत न्यूट्रल सिलिकॉन भरा. व्हिनेगरसारख्या वासाचं सिलिकॉन सिमेंटला नीट धरत नाही आणि ॲल्युमिनियमच्या ट्रॅकलाही वाईट. दाराच्या ट्रॅकशीही सिलिकॉनच, वरची भोकं मोकळी ठेवून. स्कर्टिंगची पट्टी जमिनीच्या टाइलवर टेकवू नका, खाली दोन मिमी फट ठेवून तिथेही सिलिकॉन. त्या फटीसाठी पट्टीखाली स्पेसर ठेवून पट्टी बसवा आणि वाळल्यावर काढा.

ओळंबा

ती मिलिमीटरभर वर राहिलेली टाइल काढू नका. आता काढायला गेलात तर शेजारच्या दोघींच्या कडा जातील. ४ मिमीच्या सांध्यात ग्राउट थोडं तिरकं पुसलं की पायाला लागत नाही. फक्त ती दाराच्या पहिल्या ओळीत असेल, जिथे रोज पाय पडतो, तर ग्राउट भरायच्या आधीच निर्णय घ्या : भोवतीचे सांधे मोकळे असताना मध्ये भोक पाडून, मधून कडेकडे फोडत ती काढता येते. खालचं वॉटरप्रूफिंग छिन्नीने दुखावलं तर तेवढ्या जागी दोन हात पुन्हा.

गॅलरी_नेरूळ

ती कठड्याखालच्या ओळीत आहे, तशीच ठेवते. शेवटचा प्रश्न : ग्राउट झाल्यावर लादी साफ करायच्या ॲसिडने एकदा धुवावं असं शेजारी सांगतात. धुवू का?

सांधे_कोपरखैरणे

नाही. ते हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, सिमेंट खातं. टाइलला काही होत नाही, म्हणून लोकांना वाटतं चाललं, पण सांध्याची वरची घट्ट साय निघून जाते आणि त्यानंतर तो मळ धरायला लागतो. आत झिरपलं तर पुढे खारही येतो. ट्रॅकचं ॲल्युमिनियम काळं पडतं ते वेगळंच. धूसर साय राहिली असेल तर आठ-दहा दिवस जाऊ द्या, ग्राउट पक्कं झालं की कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचे चार थेंब आणि पांढरा स्क्रब पॅड. तेवढ्याने निघाली नाही तर टाइलच्या दुकानात सल्फॅमिक ॲसिडवर आधारित ग्राउट हेझ क्लीनर मिळतो. आधी सांधे साध्या पाण्याने भिजवून घ्या, म्हणजे ते क्लीनर आत ओढून घेत नाहीत. कोपऱ्यातल्या एका टाइलवर बघून मगच बाकीच्यांना लावा आणि लगेच दोनदा साध्या पाण्याने धुऊन काढा.